पाणी बदललं की कार्डिनल मरतात: अमोनिया ४ असताना मासे ठणठणीत, २ वर आल्यावर गेले. असं का?

काळंपाणी (धागाकर्ता)

माशांची टाकी ९० × ३५ × ४० सेंमी. वाळू, लाकूड वजा जाता प्रत्यक्ष पाणी साधारण ११० लिटर. २० कार्डिनल टेट्रा, जर्मन ब्लू रॅमची जोडी, ८ स्टर्बाई कोरी. कॅनिस्टर फिल्टर (टाकीबाहेरचा, डब्यासारखा) जुना, रुळलेला, म्हणजे जिवाणू बसलेला. तापमान २७. सुरुवातीपासून फक्त आरओ पाणी (क्षार काढून टाकलेलं), त्यात काहीही न मिसळता. लाकूड आणि कटप्पाची पानं आहेत, झाडं नावापुरती. खाद्य रोज साधारण १ ग्रॅम.

पाणी बदलण्याआधीचे आकडे: पीएच ५.९, केएच (आम्ल शोषून पीएच सांभाळणारी कार्बोनेट क्षारता, अंशांत) ०, जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा जडपणा, अंशांत) १, टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ४५, अमोनिया ४, नायट्राइट ०, नायट्रेट १० (हे चारही मिग्रॅ/लिटर). मासे खात होते, रंग उत्तम, श्वास संथ.

अमोनिया बघून निम्मं पाणी काढलं आणि नळाचं घातलं (पीएच ७.९, केएच ८, टीडीएस २६०, क्लोरीन मारणारं थायोसल्फेटवालं साधं कंडिशनर टाकून). तासाभरात सगळे मासे पृष्ठभागाशी धापा टाकत होते, कार्डिनलचा लाल पट्टा फिकट, कोरींचे पर मिटलेले. दुसऱ्या दिवशीपर्यंत ६ कार्डिनल आणि रॅमची मादी गेली. आताचे आकडे: पीएच ७.५, केएच ४, टीडीएस १५०, अमोनिया २, नायट्राइट ०. टेस्ट किट मुदतीतलं आहे.

प्रश्न तीन. रुळलेल्या फिल्टरमध्ये अमोनिया ४ पर्यंत चढतो कसा? ४ वर जे मासे जगले ते २ वर का मेले? आणि या माशांना मऊ पाणी द्यायचंच आहे, तर यापुढे ते कसं ठेवायचं?

---

विद्राव्य

पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर एकच आहे, आणि ते तुमच्या आकड्यांत 'केएच ०' या जागी आहे.

फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते केएच खातं. आरओच्या पाण्यात केएच मुळातच नाही, लाकूड आणि पानं आणखी आम्ल सोडतात. पीएच ६.५ च्या खाली गेला की हे जिवाणू मंदावतात, ६ च्या आसपास जवळजवळ थांबतात. मेले असं नाही, पण काम बंद. म्हणून अमोनिया ४ आणि नायट्राइट ०, दोन्ही एकाच वेळी दिसले. अमोनियाच्या पुढे गाडी सरकतच नव्हती. नायट्रेट फक्त १० असणं हाही त्याचाच पुरावा.

आता ४ आणि २. किट मोजतं ते एकूण अमोनिया. त्यातला बराचसा अमोनियम आयन असतो, तो तुलनेने निरुपद्रवी. कल्ले जाळतो तो मुक्त अमोनिया, आणि त्याचा वाटा पीएच व तापमानावर ठरतो. २७ अंशांना पीएच ५.९ असताना हा वाटा सुमारे ०.०५ टक्के. म्हणजे ४ मिग्रॅ/लिटरमध्ये मुक्त अमोनिया फक्त ०.००२. पीएच ७.५ ला तोच वाटा २ टक्के होतो, म्हणजे २ मिग्रॅ/लिटरमध्ये ०.०४. किटवर आकडा निम्मा झाला, विष वीसपट वाढलं. ०.०२ च्या पुढे कल्ल्यांना इजा होऊ लागते असं धरून चाला. शिवाय नळाच्या ताज्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तासा-दोन तासांत उडून जातो आणि पीएच आणखी चढतो. त्या वेळात तुमच्या टाकीत तो ७.७-७.८ ला टेकला असेल तर मुक्त अमोनिया ०.०६ च्या वर गेला असणार. धापा त्याच्याच.

नळाच्या पाण्यात क्लोरामाईन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, जंतू मारायला घालतात) असेल तर त्यात भर पडते. थायोसल्फेट क्लोरामाईन फोडतं, क्लोरीन निकामी करतं आणि अमोनिया पाण्यात सोडून देतं. क्लोरीनच्या हिशेबात ३ मिग्रॅ/लिटर क्लोरामाईन असेल तर ०.६ ते ०.७ मिग्रॅ/लिटर अमोनिया तुम्ही बादलीतूनच टाकीत ओतता. नळाचं पाणी बादलीत घ्या, कंडिशनर टाका, पाच मिनिटांनी अमोनिया मोजा. कळेल.

आत्ता करायचं ते असं. खाद्य दोन दिवस पूर्ण बंद. एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) चालू, कारण जळालेल्या कल्ल्यांना ऑक्सिजन कमी मिळतो आणि गरम पाण्यात तो मुळात कमी मावतो (२५ अंशांना सुमारे ८.३, ३० अंशांना ७.६ मिग्रॅ/लिटर). अमोनिया बांधून ठेवणारं कंडिशनर पूर्ण ११० लिटरच्या हिशेबाने घाला. त्याचा परिणाम एक-दोन दिवस टिकतो, मग पुन्हा मात्रा. आणि रोज २५ टक्के पाणी बदला, पण टाकीत आत्ता जे आहे त्याच केएचच्या पाण्याने: निम्मं आरओ, निम्मं नळाचं. बादलीत रात्रभर हवा सोडून ठेवा म्हणजे पीएच आधीच स्थिरावेल.

पीएच खाली आणणारं द्रव मात्र आणू नका. केएच ४ असताना आम्ल टाकलं की पीएच पडतो, काही तासांत पुन्हा वर येतो, आणि माशांना दोन धक्के बसतात.

---

गाळउपसा

विद्राव्य यांच्याशी सहमत, पण सगळं खापर अमोनियावर फोडू नये. टीडीएस ४५ वरून १५० आणि केएच ० वरून ४, तेही पाणी ओतायला लागतात तेवढ्या वेळात. माशाचं शरीर पाण्यातल्या क्षारांच्या मानाने पाणी बाहेर टाकण्याचा आणि क्षार धरून ठेवण्याचा वेग ठरवतं आणि तो बदलायला त्याला दिवस लागतात. मऊ पाण्यातून जड पाण्यात जाणं त्यातल्या त्यात सुसह्य. उलटी दिशा जास्त वाईट. म्हणूनच आता घाबरून परत शुद्ध आरओवर उडी मारू नका.

नियम म्हणून, एका वेळच्या बदलानंतर टाकीच्या टीडीएसमध्ये १० ते १५ टक्क्यांपेक्षा जास्त फरक दिसू नये. टीडीएस मीटर बादलीत बुडवा, टाकीत बुडवा, मग ओता. पीएचपेक्षा मी हा आकडा जास्त जपते.

पुढच्या पाण्यासाठी दोन रस्ते. सोपा: आरओ आणि नळाचं मिसळायचं. तुमचं नळाचं केएच ८, तर तीन भाग आरओ आणि एक भाग नळाचं म्हणजे केएच २. नळाचा भरवसा नसेल तर आरओ पाण्यात क्षार स्वतः घालायचे. १०० लिटरला:

खायचा सोडा ३ ग्रॅम = केएच १
जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) ३ ग्रॅम = जीएच १
एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट) ४.४ ग्रॅम = जीएच १

कार्डिनल आणि रॅमसाठी केएच २, जीएच ४ पुरे. म्हणजे १०० लिटरला सोडा ६ ग्रॅम, जिप्सम ९ ग्रॅम, एप्सम ४.४ ग्रॅम. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचं प्रमाण ३:१ येतं. सोडा म्हणजे खायचाच सोडा. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर अजिबात नको, त्याने पीएच एकदम १० च्या पुढे उडतो. जिप्सम हट्टी असतं. लिटरभर पाण्यात जेमतेम २.४ ग्रॅम विरघळतं, तेव्हा ९ ग्रॅम एका तांब्यात घोळवून उपयोग नाही. निदान पाच लिटरची बादली घ्या, एअरस्टोन लावून रात्रभर ठेवा. तळाशी पांढरं बसलेलं टाकीत गेलं तर जीएच नंतर हळूहळू चढत राहतो आणि हिशेब चुकतो.

साठवणीच्या टाकीचं तापमानही २७ च्या आसपास आणा. रॅमला दोन अंशांचा गार झोत आवडत नाही.

---

स्पंजफिल्टर

गाळउपसा यांच्या क्षारांच्या मात्रा बरोबर आहेत. माझा आक्षेप केएच २ ला. केएच २ चं पाणी घातलं म्हणून टाकीत केएच २ राहत नाही, आणि या टाकीत तर ते पुन्हा शून्याला जाईल. हिशेब करून बघा.

१ ग्रॅम खाद्य, ४५ टक्के प्रथिनं. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे ७२ मिग्रॅ. त्यातला अर्ध्याहून थोडा जास्त अमोनिया म्हणून बाहेर पडतो असं धरा, ४० मिग्रॅ. दर १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट होताना ७.१४ मिग्रॅ क्षारता खर्च होते (कॅल्शियम कार्बोनेटच्या मापात). ४० × ७.१४ = २८६ मिग्रॅ रोज. ११० लिटरला भागलं की २.६ मिग्रॅ/लिटर. १ केएच म्हणजे १७.९ मिग्रॅ/लिटर. तर रोज ०.१४५ केएच, आठवड्याला एक अख्खा केएच गेला. झाडं भरपूर असतील तर ती अमोनियम आणि नायट्रेट दोन्ही खातात आणि खर्च कमी होतो, पण इथे झाडं नावापुरती आहेत.

आठवड्याला ३० टक्के बदल, नवीन पाणी केएच २: दर आठवड्याला आत येतं ०.६, जातं १. शून्य ठरलेलंच.
आठवड्याला ३० टक्के, नवीन पाणी केएच ४: बदलाआधी ०.७ च्या आसपास स्थिरावतं. जिवंत, पण काठावर.
आठवड्यातून दोनदा २५ टक्के, नवीन पाणी केएच ४: बदलाआधी २, बदलानंतर २.५. हे हवं.

म्हणजे निम्मं आरओ आणि निम्मं नळाचं, हेच मिश्रण कायम ठेवा. आत्ताही तेच वापरताय, वेगळं काही शिकायला नको. केएच २ ते २.५ ला पीएच ७ च्या जवळपास राहील. टँकमध्ये पैदास केलेल्या कार्डिनल आणि रॅमला याने काहीही होत नाही. अतिमऊ आम्लधर्मी पाणी लागतं ते कार्डिनलची अंडी फलायला. पाळायला नव्हे. रिओ निग्रोच्या (अमेझॉनची उपनदी, कार्डिनलचं मूळ घर) पाण्याची नक्कल करण्याच्या नादात लोक तिथली एक गोष्ट विसरतात: तिथे माशांच्या मानाने पाणी अफाट असतं.

केएच मुद्दाम शून्यावर ठेवायचीच असेल तर ठेवता येते, पण मग टाकी वेगळ्या शिस्तीने चालवावी लागते. माशांची संख्या निम्मी, तरंगती झाडं भरपूर (ती अमोनियम थेट उचलतात), रोज किंवा दिवसाआड ५-१० टक्के बदल, आणि तो टाकीच्याच पीएचच्या पाण्याने. नळाचं पाणी त्या टाकीला कधीच दाखवायचं नाही. कुणी सुट्टीवर गेलं आणि शेजाऱ्याने 'थोडं पाणी घातलं' की नेमकं तुमच्यासारखं होतं.

आणखी एक. कोरल (प्रवाळ) चुरा ५० ग्रॅम जाळीच्या पिशवीत घालून कॅनिस्टरमध्ये ठेवला तर विम्याचं काम करतो. पीएच ७ च्या खाली जाऊ लागला की जास्त विरघळतो, वर गेला की जवळजवळ थांबतो. आठवड्याने केएच मोजा, ४ च्या वर चढलं तर चुरा अर्धा करा. रोजच्या केएचचा पर्याय म्हणून नको.

---

काळंपाणी

हिशेब पटला. मिश्रण निम्मं-निम्मं ठेवतो, दोनदा २५ टक्के. अमोनिया बांधणारं कंडिशनर घालूनही किट अमोनिया १.५ दाखवतंय आणि आज नायट्राइट ०.५ दिसलं. पीएच ७.४, केएच ४. कार्डिनल शांत आहेत, पण एका कोरीच्या ओठांवर पांढरट काहीतरी आहे. बुरशी असावी का? तापमान ३० ला नेऊ?

---

विद्राव्य

तापमान वाढवू नका, कोरीचं कोणीतरी सविस्तर सांगेलच.

किटचं म्हणाल तर ते बरोबरच वागतंय. बांधलेला अमोनिया पाण्यातून जात नाही, फक्त निर्धोक स्वरूपात असतो, आणि सॅलिसिलेट रसायनावर चालणारं किट तो मोजतं. जिवाणू तो खाऊ शकतात. म्हणून आकडा रोज थोडा थोडा उतरतोय का तेवढं बघा.

नायट्राइट ०.५ ही खरं तर चांगली बातमी. केएच मिळाल्यावर फिल्टरचा पहिला टप्पा जागा झाला, दुसरा मागून येतोय. मधले आठ-दहा दिवस नायट्राइट चढेल. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरून हिमोग्लोबिन निकामी करतं. पाण्यात ऑक्सिजन असूनही मासा गुदमरतो, कल्ले तपकिरी दिसतात. क्लोराइड त्याच वाटेने आत शिरतं आणि नायट्राइटला अडवतं. साधं मीठ १० लिटरला अर्धा ग्रॅम पुरे. तुमच्या टाकीला ५.५ ग्रॅम, टाकीच्याच पाण्यात विरघळवून दोन हप्त्यांत, मध्ये सहा तास. क्लोराइड सुमारे ३० मिग्रॅ/लिटर होतं. एवढ्याने कोरींना त्रास नाही. टीडीएस ५० ने वाढलेला दिसेल, तो मिठाचा आहे हे लक्षात ठेवा. बदललेल्या पाण्यात तेवढंच मीठ पुन्हा घाला: ११० लिटरचे २५ टक्के म्हणजे २७ लिटर, साधारण १.४ ग्रॅम.

खाद्य पुन्हा सुरू करताना पहिले चार-पाच दिवस पाव मात्रा. फिल्टर या काळात उघडू नका, स्पंज धुऊ नका.

---

गाळउपसा

कोरीचं. कल्ले आणि कातडी अमोनियाने दुखावल्यावर तोंडाभोवती पांढरट थर आला तर आधी संशय कॉलम्नॅरिसचा घ्यायचा, बुरशीचा नंतर. खरी बुरशी बहुधा मेलेल्या किंवा जखमी भागावर धरते आणि तिचे धागे लांब, उभे, सुटे दिसतात. कॉलम्नॅरिस हा जिवाणू. थर आखूड, राखाडी-पांढरा, कडेला कधी पिवळसर. ओठ झिजतात, किंवा पाठीच्या पराखाली दोन्ही कुशींवर उतरणारा फिकट पट्टा दिसतो. पांढऱ्या ठिपक्यांचा इक (परजीवीचा रोग) वेगळाच. त्यात सुटे, मिठाच्या कणांसारखे ठिपके अंगावर आणि परांवर येतात.

हा फरक महत्त्वाचा, कारण इकमध्ये पाणी गरम केलं की परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि औषधाला तो पोहणाऱ्या अवस्थेत सापडतो. कॉलम्नॅरिसमध्ये पाणी गरम केलं की जिवाणूच वेगाने वाढतो. ३० अंशांवर एक-दोन दिवसांत मासा जातो. तेव्हा उलट, दिवसाला एक अंश असं करत २५ पर्यंत आणा. रॅमला हे थोडे दिवस चालतं.

ती कोरी आजच वेगळी काढा. १५-२० लिटरचा डबा, टाकीतलंच पाणी, एअरस्टोन, तळाला काही नको. प्रतिजैविक द्यायचं तर तिथेच, आणि पशुवैद्यांना दाखवून. मुख्य टाकीत ते टाकलं तर नुकता जागा झालेला फिल्टर पुन्हा झोपेल. डब्यातलं निम्मं पाणी रोज बदला, आणि औषध चालू असेल तर बदललेल्या पाण्यापुरती मात्रा पुन्हा. त्या डब्याची जाळी आणि नळी मुख्य टाकीत नेऊ नका. बाकीच्यांत अजून एखाद्याच्या तोंडावर थर दिसला तर तोही लगेच बाहेर.

---

स्पंजफिल्टर

गेलेल्या सहा कार्डिनलच्या जागी नवे आणायची घाई करू नका. अमोनिया आणि नायट्राइट सलग दोन आठवडे ० दिसू देत, शेवटच्या आजारी माशाला चार आठवडे होऊ देत.

आणाल तेव्हा याच रसायनाचा दुसरा अंक पिशवीत घडतो, म्हणून इथेच लिहितो. बंद पिशवीत मासे कार्बन डायऑक्साइड सोडतात, पीएच पडतो, आणि साठलेला अमोनिया अमोनियमच्या रूपात निवांत असतो. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड उडतो, पीएच चढतो, अमोनियम पुन्हा मुक्त अमोनिया होतो. त्यात तासभर थेंब थेंब केएच ४ चं पाणी सोडत बसलात तर मासे त्या तासभर विषात पोहतात. लांबचा प्रवास करून आलेल्या माशांना थेंब पद्धत मी सांगत नाही. अर्ध्या तासाच्या अंतरावरून आणले असतील तर हरकत नाही, पिशवीत काही साठलेलंच नसतं.

लांबून आलेल्यांसाठी क्वारंटाईनचं पाणी विक्रेत्याच्या पाण्याच्या टीडीएसला जुळवून आधीच तयार ठेवा. आकडा विचारून घ्या. बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगत ठेवा, तापमान जुळलं की उघडा, मासे जाळीने उचलून सोडा, पिशवीचं पाणी फेकून द्या. मग टाकीच्या टीडीएसपर्यंत आठवडाभरात हळूहळू आणा.

क्वारंटाईनला ४० लिटर, मुख्य टाकीत महिनाभर आधीपासून चालवलेला स्पंज फिल्टर, अंधूक उजेड, लपायला पानं. चार आठवडे. या काळात कार्डिनलच्या अंगावर रंग उडालेले पांढुरके डाग पसरले, पाठ वाकली, कळप सोडून एकटा फिरू लागला तर तो निऑन टेट्रा रोग समजा. त्याला औषध नाही, आणि मेलेला मासा इतरांनी कुरतडला की बीजाणू त्यांच्यात जातात. असा मासा दिसला की तासाभरात बाहेर.

आणि पाणी यापुढे कसं ठेवायचं, या तुमच्या तिसऱ्या प्रश्नातलं एक राहिलं: बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरायला शुद्ध आरओच वापरा, मिश्रण नको. वाफेबरोबर क्षार जात नाहीत. मिश्रण घालत राहिलात तर जीएच आणि टीडीएस महिन्या-दोन महिन्यांत नकळत चढतात.